वडिलांचा व्यवसाय



प्रवेशअर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी तुमच्यापैकी किती जणांचे पेन क्षणभर थांबले असेल, ते मी सांगू शकत नाही. माझे मात्र दर वेळी थांबत असे. चौथीत गुरुजींनी विचारले तेव्हापासून ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव घातले तोपर्यंत, जिथे जिथे हा रकाना आला तिथे तिथे मी ‘शेती’ असे लिहिले. आमच्याकडे शेती नव्हती. एक गुंठाही नव्हती. वडील विटा पाडत. आईही त्यांच्या बरोबरीने विटा पाडत असे. पण आईच्या व्यवसायाचा रकानाच त्या अर्जांत नसल्यामुळे तिच्याबद्दल खोटे लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

‘शेती’ या शब्दाचा एक मोठा गुण आहे. तो ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. ‘वीटभट्टी’ म्हटले की समोरचा माणूस विचारतो, “भट्टी तुमची स्वतःची का?” मग “नाही, आम्ही दुसऱ्याच्या भट्टीवर” असे सांगावे लागते. त्या उत्तरानंतर समोरच्याच्या आवाजात जो बारीक बदल होतो, तो मी फार लहानपणी ओळखायला शिकले होते. पुढे अंगणवाडीत नोकरी लागली, बाहेरून दहावी झाले, पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला आले, रविवारच्या संपर्कसत्रांना जाऊ लागले, लग्न होऊन मुलगी मोठी झाली. आणि हे सारे होत असताना भट्टीचे दिवस विसरण्याची मला चांगलीच सवय जडली. ती सवय मोडली चार वर्षांपूर्वी, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात. तेथे काय घडले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझी मुलगी रिचमंड शहरात राहते. तिथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर विल्यम्सबर्ग नावाचे गाव आहे. 1699 ते 1780 या काळात ते व्हर्जिनियाच्या राजधानीचे गाव होते. राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडले. 1926 पासून डब्ल्यू. ए. आर. गुडविन या तेथील धर्मगुरूंच्या आग्रहाने आणि धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांच्या पैशाने गावाचे जुने रूप परत आणण्याचे काम सुरू झाले. टिकलेल्या इमारतींची डागडुजी झाली, नाहीशा झालेल्या इमारती त्यांच्या जुन्या पायांवर पुन्हा उभ्या राहिल्या. आज त्या गावात अठराव्या शतकातील वेष केलेली माणसे लोहारकाम करतात, पिंपे बांधतात, खिळे जुळवून पुस्तके छापतात. वस्तू काचेच्या कपाटात मांडून ठेवण्याऐवजी ज्या कामातून त्या वस्तू जन्माला आल्या ते कामच लोकांसमोर चालू ठेवायचे, अशी ही कल्पना आहे. अशा स्थळाला जिवंत इतिहासाचे संग्रहालय म्हणतात. आपल्याकडे संग्रहालय म्हटले की पहारेकरी आणि ‘हात लावू नये’ची पाटी एवढेच मनात येते, तिथे कामाला हात लावा, असे आर्जवाने सांगितले जाते.

ऑगस्टच्या एका शनिवारी मुलगी मला तिथे घेऊन गेली. बरोबर सहा वर्षांची नात होती. छापखाना पाहून झाला, लोहाराचा भाता पाहून झाला, आणि गावाच्या एका कडेला आम्ही एका मोकळ्या आवारात शिरलो. आवारात शिरण्याआधीच मला वास आला. पाण्यात मुरलेल्या मातीचा तो वास होता. पहिल्या पावसाच्या मातीला अत्तराची उपमा देतात. त्याचा या वासाशी काही संबंध नाही. हा वास जड असतो, थोडा आंबूस असतो आणि कपड्यांतून दोन-दोन दिवस जात नाही.

समोर चिखलाचा खड्डा होता. पाहुणे पायातले काढून, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात उतरत होते आणि हसत-खिदळत चिखल तुडवत होते. पलीकडे एका मेजावर लाकडी साच्यात विटा पाडणे चालले होते. वाळू पसरलेल्या सपाट जमिनीवर ओल्या विटांच्या रांगा लागल्या होत्या. त्यामागे छपराखाली अर्धवट वाळलेल्या विटा हवा खेळेल अशा बेताने फटी ठेवून रचल्या होत्या.

नातीने चपला भिरकावल्या आणि ती खड्ड्याकडे धावली. मी ओरडले, “थांब! उतरू नकोस!” आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली. मुलगी म्हणाली, “आई, अगं, मुलांसाठीच आहे ते.”

मित्रहो, तेर गावच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला ठाऊक आहेच. विठ्ठलाच्या भजनात तल्लीन होऊन ते चिखल तुडवत होते आणि त्यांचे तान्हे मूल रांगत येऊन त्या चिखलात पायाखाली गेले. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. आमच्या आईसाठी ती सावधगिरीची कथा होती. गाऱ्यात उभी राहिली की ती आधी आम्हा भावंडांची नावे घेई, प्रत्येकाची ‘ओ’ ऐकू आली की मगच पाय उचले. कुंभाराच्या घरात ती कथा पुराणातली नव्हती. ती रोज सकाळी पुन्हा घडू शकत होती. नातीवर मी का ओरडले, ते त्या क्षणी मलाही नीट कळले नव्हते. कळले तेव्हा मी पायातल्या चपला काढल्या आणि तिचा हात धरून स्वतः खड्ड्यात उतरले.

पाय विसरत नाहीत. टाच रोवायची, वजन पुढच्या बोटांवर आणायचे, पाय किंचित वळवून बाहेर काढायचा, आणि एका जागी दोनदा पाय न टाकता कडेकडून मध्याकडे यायचे. तुडवता तुडवता तळव्याला खडा लागला. मी वाकून तो काढला आणि बाहेर फेकला. वीट भाजताना खडा आणि माती वेगवेगळी फुगतात, आणि खड्याजवळून वीट तडकते. चुनखडीचा खडा असेल तर भाजून झाल्यावरही पावसाचे पाणी पिऊन तो उमलतो व विटेचा टवका उडवतो. हे मला कोणी शिकवले नव्हते. वडील ओरडत असत, एवढेच.

मग सवयीने मी मूठभर माती उचलली, तळव्यांत घोळवून तिची वळी केली आणि ती बोटाभोवती वाकवली. वळी तडकली तर मातीला चिकटपणा कमी. न तडकता हाताला साबणासारखी गुळगुळीत लागली तर वाळू कमी, आणि अशी वीट वाळतानाच चिरते. ती माती गुळगुळीत लागत होती. मी मुलीला म्हटले, “थोडी वाळू हवी होती.” मी ते स्वतःशीच बोलावे तसे बोलले होते. पण मुलीने काठावर उभ्या असलेल्या कारागिराला ते इंग्रजीत सांगून टाकले, बहुधा गंमत म्हणून.

तो तिशीतला तरुण होता. जाडाभरडा सुती सदरा, पाय अनवाणी, कोपरापर्यंत चिखल. तो हसला नाही. त्याने माझ्या हातातली वळी घेतली, स्वतः वाकवून पाहिली आणि विचारले, “तुम्ही हे काम केले आहे का?”

मुलीने प्रश्न मराठीत सांगितला. तो मला इंग्रजीतच कळला होता. उत्तराला मात्र वेळ लागला. समोर अनोळखी माणूस होता, त्याला ‘नाही’ म्हटले असते तर काही बिघडत नव्हते. पण हातात माती होती.

“हो,” मी म्हणाले. “सात वर्षांची असल्यापासून. माझे आईवडील जन्मभर हेच करत होते.”

मुलगी हे भाषांतरित करायचे विसरली. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे आजोबा तिच्या जन्माआधी गेले होते. आजी तिला आठवते ती ओसरीवर गुडघे चोळत बसलेली. “आई, तू मला कधीच का नाही सांगितलंस?” असे ती पुढे गाडीत म्हणाली. खड्ड्यापाशी ती फक्त एवढेच म्हणाली, “सांगते त्याला.”

पुढचा तासभर त्या कारागिराने मला प्रश्न विचारले. माती कुठली? कृष्णाकाठचा पोयटा, गाढवांवरून आणलेला. पोयट्यात काय मिसळत? राख, आणि कधी उसाचा चोथा. साचा लाकडाचा की लोखंडाचा? आधी सागवानी, पुढे लोखंडी. साच्याला चिखल चिकटू नये म्हणून काय करत? साचा पाण्यात बुडवून आत बारीक वाळू भुरभुरवत. तोही वाळूच वापरत होता. साचा विटेपेक्षा मोठा ठेवावा लागतो, कारण वाळताना आणि भाजताना वीट सुमारे दहाव्या हिश्श्याने आखडते, हे त्याने मला सांगू लागताच त्याचे वाक्य मी मराठीत पुरे केले, आणि मुलगी दोघांच्या मधे उभी राहून हसू लागली.

एका बाबतीत मात्र आमचे जुळेना. तो मेजापाशी उभा राहून विटा पाडत होता. चिखलाचा गोळा साच्यात जोराने आपटायचा, वरचा जास्तीचा चिखल लाकडी पट्टीने काढून टाकायचा, साचा उचलून जमिनीपर्यंत न्यायचा आणि तिथे वीट अलगद उतरवायची, अशी इंग्लंडहून तिकडे गेलेली रीत. आपल्याकडे वीट जमिनीवरच पाडतात. माणूस उकिडवा बसतो, साचा पायापाशी असतो, वीट पडली की तो बसल्या बसल्या वीतभर मागे सरकतो, पुन्हा वीट, पुन्हा मागे. “दिवसभर असेच?” त्याने विचारले. मी त्याला बसून दाखवायला गेले. बसले, साचा धरल्यासारखे हात केले, एकदा मागे सरकले, आणि मग मला उठता येईना. माझा गुडघा धरला होता. त्याने आणि मुलीने मिळून मला उठवले.

आईने असे चाळीस हंगाम काढले. वडील गारा करून गोळे पुढे टाकत, आई पाडत असे, आणि आम्ही मुले दुसऱ्या दिवशी ओल्या विटा कुशीवर वळवत असू. दोघे मिळून दिवसाला हजार वीट पडली तर तो दिवस चांगला. मजुरी हजारी भावाने, म्हणजे हजार विटांमागे ठरलेली. दसऱ्याच्या आसपास मालकाकडून उचल घ्यायची आणि मृग लागेपर्यंत पाडलेल्या विटांतून ती फेडायची. फिटली तर घरी, नाही तर पुढच्या दसऱ्याला तिथेच. आमच्या आजोबांचे स्वतःचे चाक होते. ॲल्युमिनियमची आणि नंतर स्टीलची भांडी खेड्यापाड्यांत आली तसे चाक बंद पडले. स्वतःची भट्टी लावण्याइतके भांडवल नव्हते, म्हणून वडील दुसऱ्याच्या भट्टीवर गेले. यात काही विशेष नाही. कृष्णाकाठी अशी घरे पुष्कळ होती.

विशेष होती ती 1974 सालची वळवाची सर. एप्रिलचा शेवट होता. भट्टी रचायला दोन दिवस उरले होते आणि पटांगणात आमच्या हिश्श्याच्या चौदा हजार कच्च्या विटा उभ्या होत्या. दुपारी आभाळ भरून आले आणि अर्ध्या तासात त्या विटांचा पुन्हा चिखल झाला. मालकाने वहीतून तो सगळा आकडा वजा केला. भाजून निघाली ती वीट, असे त्यांचे म्हणणे. त्या वर्षी उचल फिटली नाही आणि मी सातवीनंतर शाळा सोडली. मालक वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. भाऊबीजेला तो आईला लुगडे देत असे. पण पावसाचे नुकसान कोणाच्या खात्यावर लिहायचे, हे वही ज्याच्या हाती तोच ठरवतो. दोन वर्षांनी, 1976 साली, वेठबिगारी पद्धतीच्या उच्चाटनाचा कायदा झाला. तो झाल्याचे आमच्या भट्टीवर कोणाच्या कानी आले नाही.

हे सगळे त्या कारागिराला सांगावे की नाही, याचा मी विचार करत होते, तेवढ्यात त्यानेच आपण होऊन एक गोष्ट सांगितली. अठराव्या शतकात या गावात हे काम माझ्यासारख्या माणसांनी स्वखुशीने केले असे समजू नका, तो म्हणाला. त्या काळी गावातील निम्म्याहून अधिक लोक आफ्रिकी वंशाचे होते, आणि त्यांतील जवळजवळ सर्व गुलाम होते. माती खणणे, तुडवणे, विटा वाहणे या कामांत तीच माणसे होती, त्यांची मुलेही होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः चार्ल्स्टन शहरात, जुन्या भिंतींतल्या विटांवर लहान मुलांच्या बोटांचे ठसे आजही दिसतात. ओली वीट उचलताना किंवा वळवताना बोटे रुततात आणि भट्टीत तो ठसा कायमचा होतो.

मी गप्प झाले. गुलामगिरी आणि आमची उचल या दोन गोष्टी एक नव्हेत. माझ्या वडिलांना कोणी विकू शकत नव्हते, आम्हा मुलांना त्यांच्यापासून तोडून नेऊ शकत नव्हते. हा फरक लहान नाही, आणि तो पुसून टाकणारी तुलना करणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. पण ओल्या विटेच्या कडेला रुतलेले लहान बोट कसे दिसते, ते मला ठाऊक होते. आमच्या विटांवर मधल्या खळग्यात मालकाच्या नावाचे अक्षर उमटलेले असे, कारण ते साच्याच्या तळालाच कोरलेले होते. पाडणाऱ्याचे नाव कुठेच नसे. असलाच तर कडेला एखादा ठसा, तोही चुकून.

त्या संग्रहालयाने गुलामगिरीचा विषय नीट हाताळायला फार वर्षे घेतली, हेही इथे सांगितले पाहिजे. सुरुवातीची कितीतरी दशके तिथे उमरावांची घरे, चांदीची भांडी आणि स्वातंत्र्याची भाषणे यांनाच जागा होती. 1979 पासून कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे दर्शन घडवण्याचे काम तिथे सुरू झाले. 1994 च्या ऑक्टोबरमध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग रस्त्यावर करून दाखवला गेला, तेव्हा नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांनीच विरोध केला. आमच्या पूर्वजांच्या यातनेचा खेळ करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. दाखवणारे म्हणत होते, न दाखवणे हेही खोटेच. मला दोन्ही बाजू पटतात. चिखल तुडवून दाखवता येतो, साचा दाखवता येतो, भट्टी दाखवता येते. सकाळी उठून ‘आज मला हे करायचे नाही’ असे म्हणता न येणे, हे कसे दाखवणार? पाहुणा तर दहा मिनिटांनी पाय धुऊन आइस्क्रीम खायला जातो. माझी नातही गेली.

आणि तरीही त्या दिवशी मला जे मिळाले, ते नाकारता येत नाही. माझ्या वडिलांच्या कामाबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ‘कसे’ असा प्रश्न विचारला होता. तोपर्यंत प्रश्न असत ते ‘किती’चे: किती विटा, किती उचल, किती बाकी.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, माझ्या परतीच्या आधी, आम्ही पुन्हा विल्यम्सबर्गला गेलो. या वेळी मीच हट्ट धरला होता. उन्हाळाभर पाडलेल्या सुमारे वीस हजार कच्च्या विटांची तिथे भट्टी रचतात आणि ती लाकडावर पेटवतात. रचतानाच खालून आरपार बोगदे ठेवलेले असतात, त्या बोगद्यांत दिवसरात्र लाकडे सारायची. बाहेरून चिखलाचा लेप देतात, म्हणजे उष्णता आत कोंडते. चार-पाच दिवस अशी आग चालते आणि उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. मग बोगद्यांची तोंडे बंद करून भट्टी हळूहळू निवू द्यायची. आपली पद्धत वेगळी. आपण विटांच्या थरांमध्येच कोळशाची भुकटी, तूस, चोथा भरतो. एकदा खालून पेट घेतला की आग आपली आपण वर चढत जाते. त्यांच्या आगीला सतत खाऊ घालावे लागते, आपली आग शिदोरी बांधून घेते.

संध्याकाळ झाली होती. बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून मी आत पाहिले. आतल्या विटांना स्वतःचा रंग राहिला नव्हता, त्या प्रकाशाच्याच केल्यासारख्या वाटत होत्या. वडील अशा वेळी भट्टीभोवती फिरत. त्यांच्याकडे मोजायचे साधन नव्हते. धुराचा रंग बदलला का, भट्टी किती खाली बसली, अंगाला लागणारी धग कुठल्या बाजूला कमी आहे, एवढ्यावरून ते सांगत, या कोपऱ्याला विटा पिवळ्या राहणार, त्या पोटात खंगर निघणार. खंगर म्हणजे अतिआचेने वितळून एकमेकींना चिकटलेल्या विटा. आम्ही त्या पायात भरण्यासाठी स्वस्तात देऊन टाकत असू. तिकडे आगीजवळच्या विटांच्या तोंडावर लाकडाच्या राखेमुळे काचेसारखी निळसर-करडी झिलई येते, आणि अठराव्या शतकातले गवंडी तशा विटा मुद्दाम निवडून लाल भिंतीत एकाआड एक बसवत, नक्षी दिसावी म्हणून. एकाच आगीचे एकीकडे ओझे होते, दुसरीकडे शोभा.

तो कारागीर रात्रपाळीसाठी आला होता. त्याने मला ओळखले. त्याने मला खंगरला काय म्हणता ते विचारले आणि तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. ‘ग’ त्याला जमला, ‘खं’ जमला नाही.

मराठीचे विद्यार्थी म्हणून इथे तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. गारा, पोयटा, खंगर, हजारी, उचल: हे शब्द मला पदवीच्या तीन वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकात भेटले नाहीत. त्यांतले काही कोशांत आहेत, पण कोशात असणे वेगळे आणि वर्गात मोठ्याने उच्चारले जाणे वेगळे. भाषाविज्ञानाच्या स्वाध्यायात ‘तुमच्या परिसरातील व्यवसायाशी निगडित दहा शब्द लिहा’ असा प्रश्न आला होता. मी नांगर, कुळव, पाभर असे शेतीचे शब्द लिहिले आणि दहापैकी आठ गुण मिळवले. आज समंत्रक म्हणून मी तुमच्यासारख्यांचे स्वाध्याय तपासते. कोणी विणकरांचे, कोणी कोळ्यांचे, कोणी गॅरेजमधले शब्द लिहून आणतो. एका ताईंनी पालघरकडच्या भट्टीवरचा ‘भोंगा’ लिहून आणला होता. भोंगा म्हणजे दिवाळीनंतर कामाला आलेली कातकरी कुटुंबे कच्च्या विटा रचून राहण्यासाठी करतात ते ठेंगणे घर. त्यांच्या मुलांसाठी भट्टीवरच ज्या शाळा काढल्या गेल्या, त्यांना भोंगाशाळा हे नाव त्यावरूनच पडले. त्या ताईंच्या वहीवर मी पूर्ण गुण लिहिले आणि मग बराच वेळ ते पान उलटले नाही. जे तिकडे तिकीट काढून पाहण्याचे आहे, ते इकडे अजून कोणाच्या तरी मुलाच्या शाळेच्या आड येते आहे.

भारतात परतल्यावर मी माहेरी गेले. भट्टीच्या जागेवर आता प्लॉट पडले आहेत, कोपऱ्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांचे दुकान आहे. आईचा सागवानी साचा अजून असेल, या आशेने मी भावाला विचारले. “अक्का, तो कधीच चुलीत गेला,” तो म्हणाला. “ओला झाला होता, पेटायलाही वेळ लागला.”

गावच्या शाळेच्या मागच्या दोन खोल्या आमच्या भट्टीच्या विटांच्या आहेत, हे मला आठवत होते. त्या विटा वाहायला मीही होते. दुपारच्या सुट्टीत मी मागे गेले. त्या बाजूचा गिलावा पावसाने ठिकठिकाणी निघाला आहे आणि विटा उघड्या पडल्या आहेत. काहींच्या कडा झिजल्या आहेत, काही अजून तांबड्या लाल आहेत. मालकाचे अक्षर कुठे दिसत नाही, कारण तो खळगा भिंतीत वरच्या बाजूला जातो आणि चुन्या-सिमेंटखाली गडप होतो. दिसते ती फक्त विटेची कड. मी एकेका विटेवरून हात फिरवत गेले. खिडकीच्या खाली, जमिनीपासून चार थर वर, एका विटेच्या कडेला एक खळी सापडली. बोटाचीच होती. मी माझे बोट त्यात घालून पाहिले. ते मावले नाही. माझ्याबरोबर तेव्हा आणखी सहा-सात मुले विटा वळवत असत, त्यामुळे ते कोणाचे असेल हे सांगता येत नाही.

मागे शिपाई येऊन उभा राहिला होता. बाई काय शोधताहेत, असे त्याने विचारले. मी म्हणाले, “या विटा आमच्या वडिलांनी पाडल्या आहेत. आणि आईने.” त्याने भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि दिवाळीच्या सुट्टीत या बाजूला नवा गिलावा करायचा आहे, निधी मंजूर झाला आहे, असे सांगितले.